हवेतून पाणी काढणारी जाळी

पावसाळा लागला की स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते. बरणीचे झाकण कितीही घट्ट लावा, दोन दिवसांत मीठ ओलसर होऊन चमच्याला चिकटू लागते. म्हणून घरोघरी मीठदाणीत तांदळाचे चार दाणे टाकून ठेवतात. नव्या चपलांच्या खोक्यात एक छोटी पुडी निघते, तिच्यावर 'खाऊ नये' असे छापलेले असते. तिच्यातले सिलिका जेलचे दाणेही तेच काम करतात, हवेतली ओल धरून ठेवतात. हवेत पाणी असते आणि काही पदार्थ ते पकडतात, ही गोष्ट आपल्या अम्मी-नानींना विज्ञानाचे पुस्तक न उघडताच ठाऊक आहे. विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, २०२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या शोधाला मिळाले, तो समजून घ्यायला मिठाच्या या बरणीपासून सुरुवात केलेली बरी.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी हे पारितोषिक तिघांना मिळून जाहीर झाले. जपानच्या क्योतो विद्यापीठाचे सुसुमू कितागावा, ऑस्ट्रेलियाच्या मेलबर्न विद्यापीठाचे रिचर्ड रॉबसन आणि अमेरिकेतील बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे उमर याघी. याघी यांचा जन्म जॉर्डनमधील अम्मान शहरात, एका फलस्तीनी निर्वासित कुटुंबात झाला. त्यामुळे त्या संध्याकाळी आमच्या मोबाईलवर अभिनंदनाचे संदेश धडाधड येऊ लागले. फोटो होता, नाव होते, आनंद होता. या गृहस्थांनी नेमके केले काय, हे मात्र एकाही संदेशात नव्हते. आम्ही तसे उर्दू-मराठीचे शिक्षक, पण संदेशातला तो राहिलेला भाग मुलांना सांगायला हवा असे आम्हाला वाटले आणि आम्ही वाचायला बसलो.

शोधाचे नाव जरा जड आहे. इंग्रजीत त्याला मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क म्हणतात, थोडक्यात एमओएफ. मराठीत आपण त्याला धातू आणि सेंद्रिय रेणूंचा सांगाडा म्हणू. डोळ्यांसमोर चित्र आणायचे तर जाळी आठवा. बीबी का मकबऱ्यात मजारीभोवती संगमरवरी दगडाची अष्टकोनी जाळी आहे. कारागिराने दगड जितका ठेवला, तितक्याच विचाराने तो काढलाही, आणि त्या काढलेल्या जागेतून उजेड आणि वारा आत येतो. एमओएफ ही तशीच जाळी, फक्त ती लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांना पसरलेली असते आणि तिची भोके एका नॅनोमीटरच्या आसपास असतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. या जाळीच्या गाठी धातूच्या असतात आणि गाठींना जोडणाऱ्या दांड्या कार्बनयुक्त रेणूंच्या. (उर्दू माध्यमाच्या मुलांनी 'रेणू'च्या जागी 'सालमा' वाचावे.)

या शोधाची सुरुवात एका शिक्षकाच्या तासाच्या तयारीतून झाली, आणि आम्हा शिक्षकमंडळींना सगळ्यात जास्त आवडला तो हाच भाग. साल १९७४. मेलबर्नला रॉबसन विद्यार्थ्यांना रेणूंची रचना शिकवत होते. त्यासाठी त्यांना लाकडी गोळे आणि काड्यांच्या प्रतिकृती हव्या होत्या. गोळा म्हणजे अणू, काडी म्हणजे बंध. गोळ्यांना भोके पाडण्याचे काम त्यांनी विद्यापीठाच्या कारखान्याकडे दिले. पण भोके कुठेही पाडून चालत नाहीत. प्रत्येक मूलद्रव्याचा अणू ठरावीक संख्येने आणि ठरावीक कोनांत दुसऱ्या अणूंशी जोडला जातो. तेव्हा कुठल्या गोळ्याला कुठे भोक हवे, हे रॉबसन यांना खुणा करून द्यावे लागले. गोळे तयार होऊन आले, त्यांनी जोडून पाहिले, आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. भोके बरोबर जागी असतील तर जोडणाऱ्याला फारसे डोके चालवावे लागत नाही, रेणूचा आकार आपोआप नीट येतो. आकाराची सगळी माहिती भोकांच्या जागेतच साठवलेली असते. मग अणूंऐवजी मोठे रेणू आणि धातूचे कण यांचीही अशीच जोडणी करता येईल का?

हा प्रश्न त्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहिला. दरवर्षी नवी तुकडी येई, कपाटातले तेच लाकडी गोळे बाहेर निघत आणि प्रश्न पुन्हा जागा होई. दहा वर्षांहून अधिक काळ गेल्यावर त्यांनी प्रत्यक्ष प्रयोगाला हात घातला. तांब्याच्या आयनाला चारच दिशांना हात पसरायला आवडतात. त्याच्या जोडीला त्यांनी चार हातांचा एक कार्बनी रेणू घेतला. दोन्ही एकत्र केल्यावर गोंधळ न होता एक शिस्तबद्ध स्फटिक तयार झाला. त्याची मांडणी हिऱ्यासारखी होती, पण हिरा आत घट्ट भरलेला असतो आणि या स्फटिकात मोठमोठ्या पोकळ्या होत्या. १९८९ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. दोष एकच होता, हे सांगाडे नाजूक होते आणि ढासळत.

कितागावा यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. त्यांनी १९९२ मध्ये केलेला पहिला सांगाडा कशाच्याही उपयोगाचा नव्हता. संशोधनासाठी निधी मागायला गेले की देणारे विचारीत, 'याचा फायदा काय?' आणि अर्ज परत येई. निरुपयोगी दिसणाऱ्या गोष्टीतही उपयोग दडलेला असतो, हे एका प्राचीन चिनी तत्त्ववेत्त्याचे म्हणणे त्यांनी मनाशी धरले होते. १९९७ मध्ये त्यांना यश आले. त्यांचा नवा सांगाडा वाळवून आतले पाणी काढून टाकले तरी तो उभा राहिला. त्याच्या बोगद्यांत मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन हे वायू शिरू शकत होते, बाहेर पडू शकत होते आणि सांगाड्याचा आकार बदलत नव्हता. म्हणजे इमारत आता राहण्याजोगी झाली होती.

आता उमर याघी. अम्मानमध्ये त्यांचे मोठे कुटुंब एका खोलीत राहत असे आणि त्याच जागेत जनावरेही असत. आई-वडिलांना लिहिणे-वाचणे जेमतेम येत होते. नळाला पाणी आठवड्या-दोन आठवड्यांतून काही तास येई, तेवढ्यात भांडी भरून घ्यायची. मराठवाड्यातल्या आणि कोकणातल्या सड्यावरच्या आमच्या वाचकांना याचे वर्णन करून सांगायची गरज नाही. उमर दहा वर्षांचा असताना एकदा शाळेच्या ग्रंथालयात शिरला. ते एरवी बंद असे. हाताला लागले ते पुस्तक त्याने उघडले. त्यात गोळ्यांची आणि काड्यांची काही चित्रे होती. त्याला काहीच कळले नाही, पण नजर मात्र हटेना. ती रेणूंची चित्रे होती, हे त्याला नंतर कळले.

इथे थोडे थांबून पालकांना आणि आमच्याच व्यवसायबंधूंना एक विचारावेसे वाटते. आपल्या शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते? पुस्तके फाटतील म्हणून ती नवीच्या नवी ठेवणारी कपाटे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. तपासणीच्या दिवशी ती फार छान दिसतात.

पंधराव्या वर्षी वडिलांच्या आग्रहावरून उमर अमेरिकेला गेला. इंग्रजी तोडकेमोडके होते. आधी एका लहान सामुदायिक महाविद्यालयात शिक्षण, जोडीला किराणा दुकानात पिशव्या भरण्याचे आणि फरशी पुसण्याचे काम, पुढे पदवी, डॉक्टरेट, प्राध्यापकी. १९९५ मध्ये 'मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क' हे नाव त्यांनीच वापरात आणले आणि १९९९ मध्ये एमओएफ-५ नावाचा सांगाडा जगापुढे ठेवला. तो ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापवला तरी कोसळत नाही. त्याच्या गाठी जस्त आणि ऑक्सिजनच्या आहेत. दांड्या कशाच्या, हे ऐकून आम्ही चाटच पडलो. त्या टेरेफ्थॅलिक आम्लाच्या आहेत, आणि हेच आम्ल आपल्या पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांचे पेट बनवायला लागते. पदार्थ बाजारातलेच, नवी होती ती मांडणी.

या मांडणीने काय साधले, ते आकड्यांत पाहू. एक ग्रॅम म्हणजे साधारण पाव चमचा साखर. तेवढ्या एमओएफ-५ च्या आतल्या सर्व भिंती सपाट पसरल्या तर सुमारे ३,००० चौरस मीटर जागा व्यापतील. नंतरच्या काही सांगाड्यांत हा आकडा ७,००० च्या पुढे गेला आहे, म्हणजे पाव चमच्यात फुटबॉलचे अख्खे मैदान. नोबेल समितीच्या एका सदस्याने या पदार्थाला हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या हर्मायनीच्या पिशवीची उपमा दिली. आम्हाला अमीर हमजाच्या दास्तानीतला अमर अय्यार आणि त्याची झंबील आठवली. बाहेरून पाहिली तर साधी झोळी, आणि आत हवे ते सामावते!

पण क्षेत्रफळाचा पाण्याशी संबंध काय? हवेतले बाष्पाचे रेणू सुटे फिरत असतात. त्यांना टेकायला जागा मिळाली आणि ती जागा पाण्याला ओढून घेणारी असली, तर ते भिंतीला चिकटतात. भिंत जितकी जास्त, तितके पाणी जास्त. मग सिलिका जेलने हे काम का करू नये? तेही पाणी धरते, पण कोरड्या हवेत ते फार पाणी घेत नाही. झिओलाइट नावाचे खनिज कोरड्या हवेतही पाणी घेते, पण मग सोडत नाही, सोडवायला त्याला चांगलेच तापवावे लागते. एमओएफची खुबी अशी की भोकांचा आकार आणि भिंतींचा स्वभाव रसायनशास्त्रज्ञ आधी ठरवू शकतो. पाण्याला इतकेच धरायचे की थोड्या उष्णतेने ते सुटावे.

उपकरणाचे काम दिवस-रात्रीच्या चक्रावर चालते. वाळवंटात दिवसा हवा अतिशय कोरडी असते, पण रात्री तापमान उतरते तशी सापेक्ष आर्द्रता वाढते. रात्री पेटी उघडी ठेवायची, एमओएफची भुकटी बाष्प पिऊन घेते. सकाळी पेटी बंद करायची, ऊन चढले की भुकटी तापते आणि पाणी सोडते. ते बाष्प पेटीच्या थंड भागावर थेंब होऊन जमते, बर्फाचे पाणी भरलेल्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसे. याघी आणि अमेरिकेच्या एमआयटी संस्थेतील एव्हलिन वांग यांच्या गटांनी २०१७ मध्ये असे उपकरण दाखवले. पुढे याघी यांच्या गटाने अ‍ॅल्युमिनियमच्या गाठींचा एमओएफ-३०३ वापरून सौरऊर्जेवर चालणाऱ्या पंख्याचे यंत्र केले, ते दिवसातून अनेक फेऱ्या मारते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात या यंत्राने एक किलो भुकटीमागे दिवसाला ०.७ लिटर पाणी दिले. तिथली सापेक्ष आर्द्रता १० टक्क्यांपर्यंत खाली गेली होती. गंमत म्हणजे इतका गाजलेला एमओएफ-५ या कामाला चालत नाही, दमट हवेत तो स्वतःच खराब होतो. म्हणून तर अ‍ॅल्युमिनियमचे आणि झिर्कोनियमचे सांगाडे शोधावे लागले.

पृथ्वीभोवतीच्या हवेत कोणत्याही क्षणी सुमारे १३ हजार घनकिलोमीटर पाणी असते. आपले जायकवाडी धरण काठोकाठ भरले तर त्यात तीन घनकिलोमीटरही पाणी मावत नाही. म्हणजे चार हजारांहून अधिक जायकवाडी आपल्या डोक्यावर तरंगत आहेत! वर्गात हे सांगितल्यावर टँकरच्या गावातून येणाऱ्या एका मुलीने लगेच विचारले, "टीचर, मग आमच्याकडे टँकर कशाला येतो?"

प्रश्न रास्त होता. उत्तर आम्ही फळ्यावर गणित मांडून काढले.

घरात पाच माणसे. पिण्यापुरते माणशी तीन लिटर धरले तर रोज १५ लिटर. किलोमागे ०.७ लिटर मिळते, म्हणजे २१ किलोहून जास्त भुकटी हवी. हे एक वेळ जमेल. पण वजू, आंघोळ, भांडी, कपडे? जल जीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. पाच जणांचे २७५ लिटर. त्याला जवळजवळ ४०० किलो भुकटी लागेल, आणि ती काही वाण्याकडे सुटी मिळत नाही. आता २०१६ चा उन्हाळा आठवा. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले होते. ५० वाघिणींची एक गाडी सुमारे २५ लाख लिटर पाणी आणत असे. तेवढे पाणी एका दिवसात हवेतून काढायचे तर साडेतीन हजार टनांहून अधिक भुकटी लागेल.

मुलगी थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे पिण्यापुरतेच." अगदी बरोबर. आज तरी इतकेच. विहीर, तलाव, छतावरचे पावसाचे पाणी यांची जागा ही भुकटी घेणार नाही. 'आता वाळवंट हिरवे होणार' असे संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे. पण वाळवंटातली चौकी, निर्वासितांची छावणी, दुष्काळात अडकलेला दवाखाना, जिथे दिवसाला दहा-बारा लिटर शुद्ध पाणीही मोलाचे असते, तिथे पंधरा-वीस किलोंची पेटीसुद्धा थोडी नाही. याघी यांनी पाण्याचा विचार करून सुरुवात केली नव्हती, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. सुंदर रचना घडवाव्यात, एवढीच आपली इच्छा होती, असे ते सांगतात. नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या मुलाच्या हातून पुढे पाण्याचेच यंत्र निघावे, हा योग मोठा.

या जाळ्यांचे काम पाण्यापुरते नाही. जस्ताचा एक सांगाडा, काल्फ-२० त्याचे नाव, धुरातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. त्याची चाचणी कॅनडात सिमेंटच्या कारखान्यात झाली आहे. हायड्रोजन आणि मिथेन साठवणे, पाण्यातली हट्टी रसायने गाळणे, यांवरही काम चालू आहे. आंबेवाल्या वाचकांसाठी एक खास बातमी म्हणजे काही एमओएफ इथिलीन वायू पकडतात. हाच वायू फळातून निघतो आणि फळ पिकवतो. अढीत आंबे एकमेकांना पिकवतात ते त्यामुळेच, आणि पिकलेल्या केळ्याशेजारचा कच्चा आंबा लवकर पिवळा होतो तोही त्यामुळेच. पेटीतला इथिलीन काढून घेतला तर फळाचा प्रवास लांबवता येईल. आतापर्यंत जगभरात असे हजारो निरनिराळे सांगाडे तयार झाले आहेत. त्यातले बहुतेक अजून प्रयोगशाळेतच आहेत. स्वस्तात आणि टनावारी बनवणे, वर्षानुवर्षे न बिघडता चालवणे, ही कामे शिल्लक आहेत. आज आठवीत असलेल्या मुलामुलींना त्यात भरपूर जागा आहे.

रॉबसन यांच्या लाकडी गोळ्यांची हौस घरीही भागवता येते. मूठभर हरभरे रात्री भिजत घाला. सकाळी पाणी निथळून टूथपिकच्या काड्या घ्या. हरभरा म्हणजे धातूची गाठ, काडी म्हणजे दांडी. आठ हरभरे आणि बारा काड्यांत एक घन होतो. त्याला आजूबाजूला, वर-खाली घन जोडत जा. दोन-दोन-दोन घनांचा सांगाडा व्हायला २७ हरभरे आणि ५४ काड्या लागतात. त्यात अगदी मधल्या हरभऱ्याला सहाही दिशांनी काड्या येतात, आणि एमओएफ-५ च्या प्रत्येक गाठीला अशाच सहा दांड्या असतात. कोन सरळ ठेवा. पहिल्या थरात थोडा तिरपा गेलेला कोन तिसऱ्या थरात सगळा सांगाडा वाकवतो. तयार झाला की दोन दिवस वाळू द्या, हरभरे आकसून काड्यांना घट्ट धरतात. मग त्यात मोहरीचे दाणे टाकून पाहा, किती आत शिरतात आणि किती आरपार गळतात.

तीन-तीन-तीन घनांचा सांगाडा करायचा असेल तर हरभरे ६४ लागतील. काड्या किती, ते मोजून आम्हाला कळवा.